चित्र आधी की चरित्र?

अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात, केन नदीच्या काठावर मेलरोझ नावाचा जुना मळा आहे. क्लेमंटीन हंटर या कृष्णवर्णीय बाईने तिथे आधी कापूस वेचला, मग मालकांच्या घरी स्वयंपाक आणि धुणं केलं, आणि पन्नाशी उलटल्यावर चित्रं काढायला घेतली. १ जानेवारी १९८८ रोजी, वयाच्या १०१व्या वर्षी ती वारली, तेव्हा तिची हजारो चित्रं लोकांच्या घरांत आणि संग्रहालयांत पोचलेली होती. तिचं सगळं आयुष्य त्या नदीकाठी गेलं आणि चित्रांचे विषयही तिथलेच. अशा चित्रकर्तीकडे बघताना हाताशी काय धरायचं, तिचं चित्र की तिचं आयुष्य? एका मावशी-भाचीचा हा वाद. मावशीने उभा जन्म चित्रकला शिकवली. भाची अमेरिकेच्या दक्षिणेचा इतिहास शिकते.

मावशी : मी हंटरवर लिहिणार असेन, तर सुरुवात तिच्या कापूसवेचणीच्या चित्रापासून करीन. जन्मगाव, आई-वडील, गरिबी हे सगळं नंतर. आधी बघ, तिने जागा कशी वापरलीय. फळीवर दोन-तीन आडवे पट्टे आखले आहेत आणि प्रत्येक पट्टा म्हणजे शेताचा एक तुकडा. झुडपं सगळी एका उंचीची, त्यावर बोंडांचे पांढरे ठिपके. बायका एका अंगाने दिसतात. खांद्याला अडकवलेली कापसाची लांब पिशवी मागे जमिनीवरून ओढली जातेय. त्या पिशव्यांच्या पांढऱ्या वळणांनीच सगळं चित्र पुढे सरकतं. लांबचं माणूस लहान आणि जवळचं मोठं, हा आपला शाळेतला नियम तिने पाळलेला नाही. जिचं महत्त्व जास्त, ती आकाराने मोठी.

भाची : मावशी, ती पिशवी तुला वळण म्हणून दिसते. मला तिचं वजन दिसतं. क्लेमंटीन पोरवयात मेलरोझला आली आणि कित्येक वर्षं तिने तेच काम केलं. एका बाळंतपणाच्या दिवशी सकाळी तिने ७८ पौंड, म्हणजे पस्तीस किलो कापूस वेचला, मग घरी जाऊन सुईणीला बोलावलं, असं तिच्याबद्दल सांगतात. हे ठाऊक नसेल तर त्या चित्राची नुसती शोभेची पट्टी होते.

मावशी : आणि तेवढंच ठाऊक असेल तर चित्राची करुण कहाणी होते. मला राग कशाचा येतो सांगू? बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, चित्रकला कुणी शिकवली नव्हती, दिवसभर दुसऱ्याच्या घरी राबायची, आणि बघा, काय सुंदर काढलंय! या कौतुकात चित्र बघायचंच राहून जातं. आपण तिच्या परिस्थितीला टाळ्या देतो. चित्रकाराला टाळी मिळायची तर ती रंगाला, रेषेला, मांडणीला मिळायला हवी.

भाची : परिस्थिती बाजूला काढता येत नाही, हे माझं म्हणणं. १८८६ संपता संपता किंवा १८८७ च्या अगदी सुरुवातीला, क्लूटियरव्हिलजवळच्या हिडन हिल नावाच्या मळ्यावर तिचा जन्म झाला. घराणं क्रिओल, म्हणजे आफ्रिकी, फ्रेंच, स्थानिक आदिवासी अशा मिसळीतून तयार झालेला समाज. घरात फ्रेंच वळणाची बोली. शाळेत ती जेमतेम गेली. गुलामगिरी कायद्याने संपून वीसेक वर्षं झाली होती, पण जमीन गोऱ्यांची, दुकान गोऱ्यांचं आणि उधारीची वहीही त्यांच्याच हातात. हाताने वेचणी करणाऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्या वहीत अडकून राहिल्या. तिची चित्रं त्या व्यवस्थेच्या पोटातून आली आहेत.

मावशी : व्यवस्थेच्या पोटात तर हजारो बाया होत्या. चित्रं हिने काढली. ते कसं झालं, ते सांग.

भाची : तेच सांगते, आणि तिथेच तुझा माझा खरा वाद आहे. मेलरोझची मालकीण कॅमी हेन्री हिने मळ्यावरच्या जुन्या इमारती जपल्या आणि लेखक-चित्रकारांना तिथे राहायला बोलावलं. लाइल सॅक्सनसारखे लेखक तिथे मुक्कामाला असत. न्यू ऑर्लिन्सची चित्रकार अल्बर्टा किन्सी येऊन रंगवत बसे. ती गेल्यावर मागे राहिलेल्या रंगांच्या नळ्या क्लेमंटीनला झाडझूड करताना सापडल्या. १९३९ च्या सुमाराची गोष्ट. तिने त्या मळ्याचा ग्रंथसंग्रह सांभाळणाऱ्या फ्रान्स्वा मिन्यॉनला दाखवल्या आणि आपणही चित्र काढू शकू, असं म्हणाली. त्याने तिला खिडकीचा एक जुना गुंडाळीचा पडदा दिला. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी चित्र हजर.

मावशी : बघ! रात्रीत चित्र होतं. म्हणजे ते तिच्या डोक्यात आधीच होतं. ती गोधड्या शिवायची, टोपल्या विणायची, मुलांचे कपडे बेतायची. रंगाशेजारी रंग कसा बसवायचा हे हाताला आधीपासून माहीत होतं. मेलरोझच्या इमारती दाखवणारी तिची एक गोधडी आहे. तिच्यातली मांडणी आणि चित्रातली मांडणी एकाच डोक्यातून आलेली आहे, हे सहज कळतं.

भाची : थांब, या गोष्टीत एक गोम आहे. ही हकीकत आपल्याकडे मिन्यॉनच्या तोंडून आली. आणि हा मिन्यॉन कोण? तो स्वतःला फ्रेंच म्हणवून घ्यायचा, फ्रान्समधल्या बालपणाच्या आठवणी सांगायचा. मूळ नाव फ्रँक मिनिया, जन्म न्यू यॉर्क राज्यातल्या कोर्टलंड गावचा. ज्याने स्वतःचं चरित्र रचलं, त्यानेच क्लेमंटीनचं चरित्र वर्तमानपत्रांतल्या लेखांतून जगाला सांगितलं. त्यामुळे रात्रीत उमललेल्या प्रतिभेच्या त्या गोष्टीकडे मी जरा सावधपणे बघते.

मावशी : मग तू माझ्याच बाजूला आलीस की! चरित्र दुसऱ्याने रचलेलं असू शकतं. चित्र मात्र तिच्या हातचं आहे.

भाची : चित्र तिच्या हातचं, पण गिऱ्हाईक कोण? सुरुवातीला चित्रं पंचवीस-पन्नास सेंटला जायची. घराबाहेर पाटी होती, बघायचे पंचवीस सेंट. विकत घेणारे बहुतेक गोरे. त्यांना जुन्या दक्षिणेची गोड आठवण भिंतीवर लावायची होती. हिच्या चित्रांत ऊन स्वच्छ, झिनियाची फुलं टवटवीत, माणसं रांगेत कामाला लागलेली. चाबूक नाही, उधारीची वही नाही, मुकादम नाही. १९५३ मध्ये ‘लुक’ या देशभर खपणाऱ्या मासिकात तिच्यावर लेख आला. त्याच वर्षी त्याच राज्यात, बॅटन रूजमध्ये, कृष्णवर्णीय लोकांनी बसवर बहिष्कार टाकला होता. अशा काळात आनंदी मळ्याचं चित्र कुणाच्या सोयीचं होतं, हे विचारायला नको?

मावशी : जरूर विचार. पण उत्तर चित्रांतच शोध. मळ्याचे मालक त्या चित्रांत किती वेळा दिसतात? क्वचितच. चित्रात जे चाललंय ते सगळं या लोकांचं आपसातलं आहे. पांढऱ्या कपड्यांत नदीकडे निघालेली बाप्तिस्म्याची रांग आहे. शवपेटीमागून चाललेल्या बाया आहेत. मोठ्या कढयांत कपडे उकळणं आहे, पीकॅन झोडपून गोळा करणं आहे, लग्न आहे. शनिवार रात्रीचा गुत्ता आहे, तिथे पिणंही आहे आणि मारामारीही. गोड आठवण विकणारी बाई मारामारी कशाला काढेल? तिने क्रुसावरचा येशू काढला तो कृष्णवर्णीय. आणि बाया बघ. त्या वेचतात, वाहतात, धुतात, सैपाक करतात, फुलं नेतात. पुरुष पुष्कळदा आकाराने लहान. मळा कागदोपत्री ज्यांचा होता त्यांना तिने कडेला सारलं आणि ज्यांच्या कष्टावर तो चालला त्यांना मधोमध आणलं. हे आपोआप होत नाही. प्रत्येक फळीवर ते ठरवावं लागतं.

भाची : मालक दिसत नाहीत, हे मी या नजरेने पाहिलं नव्हतं. चाबूक नाही म्हणून मी तक्रार करत होते. पण चाबूक धरणाराही तिने गाळलाय, आणि तो कुणी आज्ञा दिली म्हणून नव्हे.

मावशी : त्याचा सगळ्यात मोठा पुरावा आफ्रिकन हाउस.

भाची : त्याबद्दल मी बोलते, कारण त्या जागेचा इतिहास फार विलक्षण आहे. मेलरोझ हे नाव पुढचं, मूळचं युक्का. हा मळा वसवला मेत्वाये कुटुंबाने. ते स्वतंत्र क्रिओल, आणि त्यांची मूळमाता मारी तेरेझ क्वाँक्वाँ एके काळी गुलाम होती. पुढे ती मुक्त झाली, तिच्या वंशजांनी जमिनी मिळवल्या आणि त्यांनीही गुलाम ठेवले. १८४७ मध्ये मळा त्यांच्या हातून गेला. तिथली आफ्रिकन हाउस नावाची दुमजली इमारत, खाली विटा, वर लाकूड आणि भोवती खूप पुढे आलेलं छप्पर, त्या जुन्या काळातली आहे. १९५५ मध्ये तिच्या वरच्या मजल्यासाठी मिन्यॉनच्या सांगण्यावरून क्लेमंटीनने प्लायवूडवर नऊ मोठी भित्तिचित्रं केली. वय अडुसष्ट.

मावशी : एरवी हातात काय यायचं? खोक्यांचा पुठ्ठा, कागदी पिशव्या, बाटल्या, भोपळे, लोखंडी तवे, जे मिळेल ते. रंग पुरवायला टर्पेंटाइन घालून पातळ करायचा. रात्री घरची कामं उरकून दिव्याच्या उजेडात बसायचं. इथे पहिल्यांदा मोठी जागा मिळाली आणि ती घाबरली नाही. केन नदीकाठचं वर्षभराचं जगणं तिने चार भिंतींवर बसवलं. कुठे गर्दी करायची, कुठे मोकळी जागा सोडायची, नजरेने एका प्रसंगावरून दुसऱ्यावर कसं जायचं, सगळं विचारपूर्वक. हे काम समोर ठेवलं की ती अजाणतेपणी काढायची असं कुणी म्हणू धजणार नाही.

भाची : आता त्याच १९५५ सालाची दुसरी बाजू ऐक. न्यू ऑर्लिन्सच्या डेल्गाडो संग्रहालयात, म्हणजे आजच्या न्यू ऑर्लिन्स कलासंग्रहालयात, तिचं स्वतंत्र प्रदर्शन झालं. तिथे असं प्रदर्शन मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार. त्याच वर्षी तिच्या गावाजवळ, नॅकटिशच्या नॉर्थवेस्टर्न स्टेट कॉलेजातही तिची चित्रं लागली. पण कॉलेज फक्त गोऱ्यांचं. प्रेक्षकांच्या वेळेत तिला आत जाता येत नव्हतं. दालन बंद असताना, रविवारी, तिला गुपचूप आत नेलं गेलं आणि तिने स्वतःची चित्रं भिंतीवर लागलेली पाहिली. मावशी, हे कळल्यावर त्या चित्रांकडे आधीसारखं बघता येतं का तुला?

मावशी : नाही येत. खरं सांगते, नाही येत. पण माझं म्हणणं मी सोडत नाही. या अन्यायाने त्या संस्थेची उंची मोजली जाते. चित्राची उंची चित्रानेच ठरते. ती हीन वागणूक सोसत होती म्हणून चित्र थोर होत नाही. चित्र थोर होतं म्हणून त्या बंद दाराची लाज जास्त वाटते.

भाची : हे मान्य. मग मला एक सांग. तिच्यावर शिकलेल्या लोकांचा दाब होता, हे तरी धरशील ना? १९६० नंतर जेम्स रेजिस्टर या तिच्या हितचिंतकाने तिला मासिकांतली रंगीत कात्रणं देऊन अमूर्त चित्रं काढायला लावलं. हा तिचा मार्ग होता का?

मावशी : तिने ती काढली, आणि त्यातली काही रंगाच्या दृष्टीने फार धीट आहेत. वर्ष-दोन वर्षांत ती पुन्हा आपल्या वेचणीकडे, बाप्तिस्म्याकडे, झिनियांकडे वळली. ज्याच्यावर फक्त दाब चालतो तो असा परतत नाही. तिने एक वाट चालून पाहिली आणि आपली कोणती ते ठरवलं. कुठल्याही चित्रकाराच्या आयुष्यात असं घडतं.

आता माझी एक अप्रिय गोष्ट. तिची पुष्कळ चित्रं सामान्य आहेत. तेच विषय पुन्हा पुन्हा, घाईघाईने ओढलेले, कोंबडीला चार फटकारे, फुलदाणीला दोन. चित्रं पाच हजारांच्या वर असावीत, असा अंदाज आहे. सगळी चांगली कशी असतील? आपण तिचा मान राखतो, तर हेही उघड म्हणायला हवं.

भाची : म्हण, पण कारणासकट म्हण. लोक येऊन मागायचे, मला बाप्तिस्म्याचं द्या, मला कापसाचं. ती द्यायची. नवरा इमॅन्युएल आजारी होता, १९४४ मध्ये तो गेला. घरात पोरंबाळं होती. चित्र म्हणजे मिळकत होती, आणि कापूस वेचण्यापेक्षा ती केव्हाही बरी. तिची चित्रं पुढे व्यापाऱ्यांच्या हातात हजारो डॉलरना गेली. त्या वाढीतला मोठा वाटा तिच्यापर्यंत पोचला नाही. एकच विषय पन्नासदा काढण्यामागे हा हिशोब आहे.

मावशी : हिशोब कळला. सामान्य चित्र तरीही सामान्यच राहील. पण तुझ्यामुळे मला एक दिसलं. तिच्यापाशी वेळ आणि फळी असली की काय होतं, ते आफ्रिकन हाउसमध्ये आहे. नसली की काय होतं, ते या घाईच्या चित्रांत. म्हणजे आयुष्य चित्रात नुसतं विषय म्हणून येत नाही. ते रंगाच्या जाडीत येतं, फळीच्या मापात येतं, फटकाऱ्यांच्या वेगात येतं.

भाची : मीही एक पाऊल मागे घेते. मी चित्रांकडे कागदपत्रांसारखं बघत आले. मळ्यावरच्या जगण्याची नोंद, बस्स. पण कागदपत्राची नक्कल करून कुणी गिऱ्हाइकांना फसवत नाही. हिची नक्कल झाली. २००९ मध्ये एफबीआयने बॅटन रूजच्या एका माणसाच्या घराची झडती घेतली. हंटरच्या नावाने खोटी चित्रं विकल्याबद्दल २०११ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. खोटी चित्रं ओळखली कशी? तिचं काम वर्षानुवर्षं पाहिलेल्या जाणकारांनी हात ओळखला.

मावशी : हात ओळखू येतो! मी सुरुवातीपासून हेच सांगतेय. ज्याला शैली नाही, त्याची नक्कल पकडता येत नाही. तिच्या सहीचंच घे. लिहिता येत नव्हतं, म्हणून आद्याक्षरं चित्रासारखी काढायची. पुढे त्यातला ‘सी’ उलटा झाला आणि ‘एच’मध्ये गुंतला. मालकीण कॅमी हेन्रीची आद्याक्षरंही तीच, म्हणून वेगळेपणासाठी उलटा केला, असं सांगतात. सहीचं हे रूप बदलत गेलं, आणि चित्र कुठल्या काळातलं हे ठरवायला अभ्यासकांना ते आजही उपयोगी पडतं.

भाची : १९८६ मध्ये नॉर्थवेस्टर्न स्टेटने तिला ललित कलेची मानद डॉक्टरेट दिली. ज्या संस्थेत ती एकतीस वर्षांपूर्वी लपून गेली होती, तीच. लोक ही गोष्ट शेवट गोड झाला म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. नव्याण्णव वर्षांच्या बाईला पदवी देऊन संस्थेने स्वतःचं कर्ज थोडंफार फेडलं. तिचं मोठेपण त्या पदवीने वाढलं नाही.

मावशी : इथे आपलं एकमत. आता भांडण उरलं ते संग्रहालयाचं. तिला लोककलेच्या, स्वयंशिक्षितांच्या वेगळ्या दालनात ठेवतात. माझ्या मते तिची भित्तिचित्रं तिच्या काळातल्या इतर अमेरिकन चित्रकारांच्या शेजारी लागली पाहिजेत, त्याच निकषांवर.

भाची : वेगळ्या दालनाने तिला अभ्यासक दिले, जतनासाठी पैसा दिला, हे विसरू नकोस. ते दालन नसतं तर तिला कुणी आत घेतलं असतं का, याची मला खात्री नाही.

मावशी : आत घ्यायला ते दार कामी आलं असेल. कायमचं तिथेच बसवून ठेवायचं कारण नाही. वेगळ्या दालनात प्रेक्षक तिला आपोआप सूट देतो, आणि सूट दिली की नीट बघणं थांबतं. चरित्राचं काम सूट देण्याचं नाही, नजर देण्याचं आहे.

भाची : चालेल, शेजारी लावा. पण माझी एक अट. प्रत्येक चित्राखाली लिहा, की ते कोणत्या साली काढलं, कशावर काढलं, रंग कुठून आला, तिने कुणाला विकलं आणि तिच्या हातात किती पैसे पडले.

मावशी : लिहा की! मोठ्या चित्रकाराबद्दल आपण एवढी चौकशी करतोच. हिच्याबद्दलही तेवढ्याच बारकाईने करा, आणि मग चित्रासमोर तेवढाच वेळ उभे राहा.